स्ट्रक्चरमधील बदलत्या लांबीचा ॲरे

नोंदीची मांडणी

सावित्रीच्या काठाने वरून खाली पोलादपूर, महाड आणि दासगाव ही ठिकाणे येतात. पावसाळ्यात तेथील पाणीपातळी नोंदवणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहायचा झाल्यास गावाचे नाव, पातळी आणि वेळ ही माहिती एका स्ट्रक्चरमध्ये ठेवली जाईल. स्ट्रक्चर म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या घटकांची मेमरीतील सलग मांडणी. प्रत्येक घटक आरंभापासून किती बाइटवर आहे, हा आकडा (ऑफसेट) कंपायलर प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच निश्चित करतो. तयार झालेल्या यंत्रसूचनांत घटकांची नावे उरत नाहीत, फक्त हे आकडे उरतात. पुढचे सारे निर्बंध याच एका गोष्टीतून निघतात.

अडचण

यूटीएफ-८ संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, उकार ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. त्यामुळे ‘महाड’ला १२, ‘दासगाव’ला १८ आणि ‘पोलादपूर’ला २४ बाइट लागतात. नाव आरंभी ठेवून त्याचा ॲरे (एकाच प्रकारच्या घटकांची सलग रांग) नेमका तेवढाच लांब धरला, तर त्यामागची पातळी महाडच्या नोंदीत १२ बाइटनंतर, पोलादपूरच्या नोंदीत २४ बाइटनंतर सुरू होईल. दासगावच्या नोंदीत ती २० बाइटनंतर येईल, कारण ४ बाइटचा पूर्णांक सहसा ४ च्या पटीतील पत्त्यावर ठेवला जातो आणि मधले २ बाइट रिकामे सोडावे लागतात. पातळीचा ऑफसेट असा दर नोंदीला बदलू लागला की तो आधी ठरवून ठेवता येत नाही. तिच्यामागच्या वेळेचीही तीच गत होते.

प्रमाणाचा नियम

सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणाने फंक्शनमध्ये बदलत्या लांबीचे ॲरे मान्य केले, परंतु स्ट्रक्चरचा घटक म्हणून ते निषिद्धच ठेवले. २०११ च्या प्रमाणाने तर हे ॲरे ऐच्छिक केले; सी++ च्या प्रमाणात ते कधी आलेच नाहीत. हा निर्बंध अपरिहार्य मात्र नव्हे. अडा भाषेच्या १९८३ च्या प्रमाणात लांबी ठरवणारा घटक त्याच नोंदीत ठेवून असा ॲरे घेता येतो. सी भाषेने लवचिकतेपेक्षा स्थिर ऑफसेट पसंत केला, आणि यंत्राच्या इतक्या निकट राहणाऱ्या भाषेसाठी ही निवड योग्यच वाटते.

जीसीसी आणि क्लँग

जीसीसी हा कंपायलर स्वतःची पुरवणी म्हणून फंक्शनच्या आतील स्ट्रक्चरमध्ये असा ॲरे चालवून घेतो. क्लँग हा दुसरा कंपायलर तो नाकारतो. ही सोय कधीही दिली जाणार नाही, असे त्याच्या त्रुटीसंदेशातच म्हटलेले असते. लिनक्स कर्नलच्या कूटलेखन विभागात जीसीसीच्या या सवलतीचा वापर होता, म्हणून क्लँगने कर्नल बांधू पाहणाऱ्यांना तो भाग बदलून घ्यावा लागला. पुढे डिसेंबर २०१८ मधील ४.२० आवृत्तीपर्यंत कर्नलमधून बदलत्या लांबीचे ॲरेच काढण्यात आले. त्यामागचे कारण वेगळे होते. असे ॲरे स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) जागा घेतात, आणि ६४-बिट इंटेल-प्रकारच्या यंत्रांवर कर्नलच्या प्रत्येक कार्यधाग्याला साधारणतः १६ किलोबाइटच स्टॅक मिळतो. जागा अपुरी पडली तरी सी भाषेत ते कळण्याची प्रमाणित सोय नाही.

शेवटच्या जागेची मुभा

स्ट्रक्चरमधील अखेरच्या घटकाच्या मागे कोणी नसते, त्यामुळे त्याच्या लांबीने कोणाचाही ऑफसेट हलत नाही. १९९९ च्या प्रमाणाने नेमकी हीच जागा मोकळी केली: लांबी न सांगितलेला ॲरे तेथे ठेवता येतो. पातळी, वेळ आणि नावाची लांबी हे ४-४ बाइटचे तीन पूर्णांक आधी ठेवले, तर नाव नेहमी १२ बाइटनंतर सुरू होते. दासगावच्या नोंदीसाठी प्रोग्रॅम चालताना १२ + १८ = ३० बाइट मागून घ्यायचे. नेटवर्कवरील संदेश आणि फाइलमधील नोंदी बहुधा याच धाटणीच्या असतात: आधी ठरावीक शीर्षभाग, मागे हवा तेवढा मजकूर.

मर्यादा

अशा स्ट्रक्चरचा आकार विचारल्यास उत्तर १२ बाइटच येते. साध्या नेमणुकीने नोंदीची नक्कल केली, तर नाव मागेच राहते. प्रमाणानुसार अशा नोंदींचा ॲरे करता येत नाही, कारण दहावी नोंद गाठायला प्रत्येकीचा आकार सारखा लागतो. त्यासाठी नोंदींच्या पत्त्यांचा वेगळा ॲरे ठेवावा लागतो.

नावाला सरसकट ६४ बाइट देणे हा सोपा पर्याय आहे, पण ‘महाड’मागे ५२ बाइट वाया जातात. शिवाय ६४ ला ३ ने निःशेष भाग जात नाही. लांबलचक देवनागरी नाव तेथे कापले गेले, तर २१ चिन्हांनंतर बाविसाव्याचा एकच बाइट उरतो आणि पडद्यावर तुटलेले चिन्ह दिसते.