पडदा नंतर, पाणी आधी

मे महिन्याच्या दुपारी जळगावचा पारा 45 अंशांना टेकतो, तेव्हा गच्चीखालच्या खोलीत बसवत नाही. जुन्या धाब्याच्या घरांत मातीचं जाड छत ऊन अडवायचं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर तीच धग घरात सोडतो. म्हणून बंगला बांधताना खाली तळघर काढावं, तिथं मोठा पडदा, कॅरम, पाहुण्यांची बैठक असावी, असं इथल्या माणसाला वाटतं. मला हा बेत मनापासून पटतो.

जमिनीखाली दहा-बारा फुटांवर ऋतूंचा चढउतार फारसा पोचत नाही. तिथलं तापमान वर्षाच्या सरासरीजवळ, म्हणजे आपल्याकडे 27-28 अंशांच्या आसपास राहतं. साताऱ्याजवळ लिंब गावी वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतलेल्या बारा मोटांच्या विहिरीत बसण्या-उठण्यासाठी दगडी महाल आहे. गारव्यासाठी जमिनीच्या पोटात शिरणं आपल्याला नवं नाही. त्या विहिरीला पाणी हवं होतं, तळघराला मात्र ते वैरी.

कापूस-केळी पिकवणारी काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. फुगताना ती तळघराच्या भिंतीला आत रेटते. ही ओढाताण दरवर्षी चालते, म्हणून इथं विटांची भिंत नको, अभियंत्यानं हिशेब करून दिलेली आरसीसीचीच हवी. खणलेली काळी माती भिंतीमागे परत लोटणं ही सर्वांत महागात पडणारी काटकसर. तिथं खडी आणि मुरूम भरावा. पाणी अडवणारा थर भिंतीला बाहेरून द्यावा, कारण आतून लावलेला थर मागून येणाऱ्या पाण्याच्या दाबानं सुटतो आणि रंगासकट गळून पडतो. पायाशी खडीत गुंडाळलेला भोकांचा पीव्हीसी पाइप उतारानं टाकीपर्यंत न्यावा आणि टाकीत आपोआप सुरू होणारा पंप ठेवावा. काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो, त्याच्यावर विसंबू नये.

धुळ्यात मातीचा थर पातळ असेल तिथं लवकर पाषाण लागतो. खड्ड्याच्या कडा भक्कम मिळतात, पण खडकाच्या सांध्यांतून झिरपणारं पाणी त्या खड्ड्यात हौदासारखं साचतं. तिथल्या पांझरा नदीच्या काठी तर पुराची रेषा विचारल्याशिवाय कुदळ मारू नये. 1872 च्या पुरानं धुळ्याची मोठी हानी केली होती. सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिली, पण 2005 च्या महापुरानं त्यांचीही वाताहत केली.

पाणी रोखलं तरी दमट हवा उरते. श्रावणातली ओलसर हवा गार भिंतीला लागली की दव धरतं आणि सोफ्यामागे बुरशी येते. खिडक्या उघडून वारा घेण्याची आपली सवय तिथं उलटते. उन्हाळ्यात पहाटेची हवा आत घ्यावी, पावसाळ्यात झरोके बंद ठेवून ओलावा शोषणारं यंत्र चालवावं. ताजी हवा आणणारा पंखा मात्र बारमाही हवा.

सजावट त्यानंतरची. उघड्या सिमेंटच्या समोरासमोरच्या भिंतींत आवाज घुमतो आणि संवाद कळत नाहीत. जाड सतरंजी, पुस्तकांची मांडणी, कापसाच्या गाद्या आणि भिंतीवर टांगलेल्या आजीच्या गोधड्या तो आवाज शोषतात. कापूस पटकन पेटतो, म्हणून तो दिव्यांपासून आणि तारांपासून दूर ठेवावा. पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट अंतरावर बसावं: 100 इंची पडद्यासाठी साडेबारा फूट. मागची रांग एक पायरी उंच घ्यावी. भिंत गडद आणि बिनचकाकीची असावी.

विजेचा मुख्य बोर्ड वरच्या मजल्यावरच ठेवावा आणि तळघराच्या वायरिंगला, गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी लावावा. जनरेटर खाली कधीच नको, त्याचा धूर जीव घेतो. बाहेर पडायला दुसरी वाट हवी. मंजूर नकाशात तळघराचा वापर काय लिहिलाय, हे महापालिकेच्या नगररचना विभागात आधीच पाहावं. नुसतं वाहनतळ म्हणून मंजूर झालेल्या जागेत बैठक थाटता येत नाही.

एवढं झालं तरी लाकडी आच्छादन लगेच चढवू नये. एक पूर्ण पावसाळा भिंती उघड्या ठेवाव्यात. भर पावसाळ्यात हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला पक्का लावून दोन दिवसांनी पाहावा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी अजून मातीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर ओल हवेतली आहे. दोन्हीकडे कोरडं निघालं, तर सुताराला बोलवावं.