गेम बाहेरच्या डिस्कवर, आज्जीच्या ओव्या वेगळ्या

पीयूसीची परीक्षा संपली की आठवड्याभरात घरोघरी एकच तक्रार सुरू होते, ‘लॅपटॉपमध्ये जागाच नाही!’ ती खोटी नसते. ५१२ जीबी म्हणून घेतलेल्या लॅपटॉपवर विंडोज ४७६ जीबीच दाखवते आणि त्यातलाही बराच वाटा स्वतः घेते. ‘बाल्डर्स गेट ३’ हा एकटा गेम १५० जीबी जागा मागतो, तीही एसएसडीवर. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला तेवढीच लागते. मग अभ्यासाच्या फायली कुठे ठेवायच्या?

यावर सोपा उपाय म्हणजे यूएसबीला जोडायची बाहेरची एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये ग्रामोफोनसारखी तबकडी फिरते आणि हवी ती माहिती शोधायला वेळ लागतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, सगळे चिपवर. त्यामुळे गेम लवकर उघडतो, ‘लोडिंग’च्या पाटीकडे बघत बसावे लागत नाही. मात्र ‘हिच्यामुळे गेम पळेल’ असे दुकानदार म्हणाला तर हसून सोडून द्या. चित्र अडखळत असेल तर दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाचा किंवा प्रोसेसरचा असतो.

खरी मेख यूएसबीच्या तोंडात आणि वायरीत आहे. यूएसबी २.० वर सेकंदाला फार तर ४० एमबी जातात, म्हणजे १०० जीबीचा गेम हलवायला पाऊण तासाच्या आसपास. ५ गिगाबिटच्या यूएसबी ३ वर तेच काम चार-पाच मिनिटांत होऊ शकते. मोबाईलच्या चार्जरची वायर पुष्कळदा जुन्याच वेगाची असते, म्हणून डिस्कसोबत आलेलीच वापरावी. आणि गेम चालू असताना ती उपटू नये, हे मुलांपेक्षा केर काढणाऱ्या मोठ्यांनीच लक्षात ठेवायला हवे!

स्टीमवर सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’मध्ये नवी डिस्क जोडली की आधीचे गेम पुन्हा न उतरवता तिकडे हलवता येतात. खेळातली प्रगती अनेकदा सी ड्राइव्हवरच साठते, पण ती कुठे आहे हे आधी बघून घ्यावे.

आता आमच्या घरचे सांगतो. माझ्या भाच्याने घरातली एसएसडी गेमसाठी घेतली. ती एक्सफॅट प्रकारची होती आणि त्याच्या गेमला एनटीएफएस हवी होती. विंडोजने ‘सगळे पुसले जाईल’ असे बजावले, त्याने ‘ओके’ दाबले. त्यात माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, काही मराठी, काही कानडी. आई आता नाही. संगणक दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खटपट केली. एसएसडीवरून पुसलेले परत मिळवणे हार्ड डिस्कपेक्षा अवघड, असे तो म्हणाला आणि ते खरेच ठरले. बहिणीच्या जुन्या मोबाईलमध्ये चार ओव्या सापडल्या, तेवढ्याच राहिल्या.

भाचा पोरगा वाईट नाही, महिनाभर त्याने गेमला हात लावला नाही. नंतर साठवलेल्या पैशांतून त्यानेच दुसरी डिस्क आणली. आता एकीवर ‘आट’ अशी चिठ्ठी आहे, दुसरीवर ‘आज्जी’. त्या चार ओव्यांची आणखी एक प्रत माझ्या संगणकावर ठेवली आहे.