वाघोलीत पाणी येतं का?

धंदा आणि इंटरनेट : भाग ७

मागच्या आठवड्यात गूगलच्या नकाशावर आपलं ऑफिस नीट कसं मांडायचं ते पाहिलं. आज घरं-जागांच्या व्यवहारात असलेल्यांसाठी पुढचा टप्पा: ज्याला आपलं नावही ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत लिखाणातून कसं पोचायचं.

बहुतेक इस्टेट एजंट वेबसाइट करतात तेव्हा ‘बेस्ट प्रॉपर्टी इन पुणे’, ‘पुण्यातील फ्लॅट’ असे शब्द पानभर पेरून घेतात. वेबसाइट करून देणाराही तेच सुचवतो. पण या शब्दांवर गूगलचं पहिलं पान मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, हाउसिंग अशा मोठ्या पोर्टलांनी कधीच व्यापलं आहे. दोन खुर्च्यांच्या ऑफिसनं तिथं टक्कर घ्यायला जावं तर पैसा जातो आणि हाती काही लागत नाही.

तशी गरजही नाही. ‘फ्लॅट इन पुणे’ शोधणाऱ्याचं अजून काहीच ठरलेलं नसतं. याउलट ‘वाघोलीत पाणी येतं का’ असं रात्री अकराला मोबाइलवर टाइप करणाऱ्यानं दोन-तीन साइट पाहिलेल्या असतात, बजेट ठरलेलं असतं, कदाचित बँकेत कर्जाची फाइलही दिलेली असते. त्याचं घोडं अडलेलं असतं ते एका शंकेपाशी. असं शोधणारे महिन्याकाठी थोडेच निघतील, पण त्यांतले बरेचसे खरोखर घर घ्यायला निघालेले असतात. छोट्या एजंटनं आपला सगळा जोर इथं लावावा, असं माझं ठाम मत आहे.

हे शोधशब्द, म्हणजे आपले कीवर्ड, आणायचे कुठून? पैसे भरून घ्यायची साधनं पुष्कळ आहेत. पण सगळ्यांत चांगला साठा एजंटच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपमध्ये पडलेला असतो. वर्षभरातली गिऱ्हाइकांची बोलणी वर सरकवून वाचा. ‘ओसी आलीय का?’ ‘लोडिंग किती धरलंय?’ ‘मेंटेनन्स फुटाला किती पडतो?’ ‘रिसेलला लोन होईल ना?’ ‘एनए आहे की नुसता गुंठा?’ हे प्रश्न ज्या शब्दांत आले, त्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. बिल्डरच्या माहितीपत्रकातली ‘प्रीमियम लाइफस्टाइल’ शोधायला कुणी गूगलवर जात नाही. लोक ओसी शोधतात.

वहीतला एकेक प्रश्न मग गूगलच्या चौकटीत अर्धाच लिहून पाहा. खाली जे पर्याय उघडतात, ते लोकांनी केलेल्या शोधांवरूनच आलेले असतात. निकालांच्या मध्ये ‘लोक हेही विचारतात’ अशी चौकट दिसते, तीही वाचा. गूगल ॲड्समध्ये खातं उघडलं की कीवर्ड प्लॅनर फुकट वापरता येतो. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला तो नेमके आकडे न देता अंदाजे टप्पा दाखवतो, पण आपल्या कामाला तेवढं पुरतं.

भाषेचा विचार इथंच करावा. आपल्याकडची माणसं देवनागरीत शोधतात, रोमन अक्षरांत मराठी लिहून शोधतात, सरळ इंग्रजीत शोधतात आणि आता मोबाइलशी बोलूनही शोधतात. माझा अनुभव असा की सातबारा, फेरफार, वारसनोंद, बिगरशेती असे जमिनीचे विषय मराठीत शोधले जातात आणि हिंजवडी-खराडीचा टू बीएचके इंग्रजीत. तेव्हा जो प्रश्न ज्या भाषेत येतो, त्याच भाषेत लेख लिहावा. एकच लेख यंत्राकडून भाषांतर करून दोन्हीकडे टाकला की दोन्हीकडचा वाचक पहिल्या चार ओळींत निघून जातो.

आता एक लेख जवळून पाहू. वाघोली हे जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एक. महापालिकेत आलं म्हणजे लगोलग घरोघरी नळाला पाणी आलं असं होत नाही. बोअर आणि टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या सोसायट्या तिथं कमी नाहीत. लेखाचं शीर्षक असं ठेवता येईल: ‘वाघोलीत फ्लॅट घेताय? पाण्याचं काय, ते आधी पाहा’. पहिल्याच परिच्छेदात सरळ उत्तर द्यायचं: कुठल्या भागात नळाचं पाणी आहे, कुठं नाही. मग त्या भागात रोज फिरणाऱ्या माणसालाच जी माहिती असते ती घालायची. एप्रिल-मेमध्ये साधारण शंभर फ्लॅटच्या सोसायटीला दिवसाला किती टँकर लागतात. तो खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला असतो की वेगळा मागतात. साइट व्हिजिटला गेल्यावर सेक्रेटरींकडे मागच्या मे महिन्याचं टँकरचं बिल कसं मागायचं. नवीन बांधकाम असेल तर पाणी पुरवण्याबद्दल बिल्डरनं काही हमी लिहून दिली आहे का. जमिनीखालच्या टाकीचा एखादा फोटो, तोही स्वतः काढलेला. सोसायटीचं नाव घालायचं तर त्यांना विचारून.

इथं एजंट अडखळतो. पाण्याची अडचण मीच सांगितली तर गिऱ्हाईक पळणार नाही का? काही जण जातील. पण पझेशननंतर पहिल्याच उन्हाळ्यात जे कळणारच आहे, ते आधी सांगितलं तर उरलेली माणसं ‘मग टँकर कमी लागणारी सोसायटी कुठली?’ हे विचारायला तुम्हालाच फोन करतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात मार्कस शेरिडन यांची घराच्या आवारात पोहण्याचे तलाव बांधून देणारी कंपनी होती. २००८ च्या मंदीत ती बुडायच्या बेतात आली, तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची उत्तरं एकेक करून वेबसाइटवर लिहायला घेतली. किंमत किती पडते, कुठल्या तलावात काय अडचणी येतात, हे त्या धंद्यात लपवायची रीत होती. त्यांनी तेच आधी लिहिलं. त्या लेखांनी कंपनी सावरली आणि त्यांच्या त्या पद्धतीवर पुढं पुस्तकही निघालं. घर हा त्याहून कितीतरी मोठा व्यवहार. आयुष्यभराची पुंजी लावणाऱ्या माणसाला खरं सांगणारा कुणीतरी हवाच असतो.

कीवर्ड लेखात कुठं घालायचा, यावर फार वेळ दवडू नये. शीर्षकात, पानाच्या पत्त्यात, पहिल्या परिच्छेदात आणि एखाद्या उपशीर्षकात तो सहज आला की झालं. पानाच्या आतल्या कोडमध्ये कीवर्डची यादी भरून देण्याचे पैसे अजूनही कुणी मागत असेल तर देऊ नका. क्रमवारी लावताना ती यादी आपण पाहतच नाही, असं गूगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं आहे. एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबणं तर त्यांच्या नियमांत गैरप्रकार म्हणून नोंदलेलं आहे. मार्च २०२४ पासून केवळ क्रमवारीसाठी ढिगानं पाडलेले लेखही त्यात आले, मग ते माणसानं पाडलेले असोत की यंत्रानं.

परिसरानंतरचा दुसरा मोठा प्रांत कागदपत्रांचा. या विषयावर इंटरनेटवर लेखांचा पूर आहे, पण बरेचसे देशभराला एकच माप लावणारे. एक उदाहरण देतो. एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर पाच टक्के आणि परवडणाऱ्या घरावर एक टक्का जीएसटी आहे. परवडणारं घर म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत, असं सर्रास वाचायला मिळतं. पण ६० ची मर्यादा महानगरांसाठी आहे. त्या यादीत मुंबई महानगर प्रदेश आहे, पुणे नाही. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात मर्यादा ९० चौरस मीटरची, म्हणजे साधारण ९६९ चौरस फूट कार्पेट. चाळीस लाखांच्या टू बीएचकेवर पाच टक्के म्हणजे दोन लाख आणि एक टक्का म्हणजे चाळीस हजार. एवढा फरक पडणारी गोष्ट पुण्यापुरती स्पष्ट लिहिणारा एजंट वाचकाच्या लक्षात राहतो.

याहून मोलाचं काम मला दिसतं ते इंडेक्स टूमध्ये. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दस्तांची सूची पाहता येते. तिच्यात मोबदला असतो, बाजारभाव असतो, क्षेत्रफळ आणि नोंदणीची तारीख असते. आपल्या परिसरातल्या पाच-सात सोसायट्या निवडा, दर तीन महिन्यांनी तिथले झालेले व्यवहार चाळा, घेणाऱ्या-देणाऱ्यांची नावं आणि फ्लॅट क्रमांक पूर्ण वगळा आणि कार्पेटला फुटामागं प्रत्यक्ष काय भाव पडला तेवढं लिहा. पोर्टलवर दिसतो तो मागितलेला भाव. इथं मिळतो तो दस्तात लिहिला गेलेला. हे एक लेखसदर एखाद्या एजंटनं दोन वर्षं नेटानं चालवलं तर त्या भागात रिसेलचा फ्लॅट विकणारा आणि घेणारा दोघंही आधी त्याच्या पानावर जातील.

नेटानं, हाच शब्द महत्त्वाचा आहे. आठवड्याला अमुक लेख लिहिले की वर जाल असा गूगलचा काही नियम नाही. सातत्य लागतं ते दुसऱ्या कारणांनी. एका लेखानं एकच शंका फिटते आणि घर घेणाऱ्याला शंका शेकड्यांनी असतात. नव्या वेबसाइटचा लेख वर यायला महिने लागतात. घर घेणारा माणूसही महिनोन्‌महिने शोधत असतो; जानेवारीत त्यानं स्टॅम्प ड्यूटीवरचा लेख वाचला, मार्चमध्ये पार्किंगवरचा, आणि फोन केला मे महिन्यात. मधे पान ओस पडलेलं दिसलं तर त्याला वाटतं, हे ऑफिस अजून चालू तरी आहे का? एकट्यानं धंदा सांभाळणाऱ्यानं महिन्याला दोन लेखांचाच वायदा करावा, पण तो पाळावा. सुरुवातीला धडाक्यात वीस लेख आणि मग वर्षभर शुकशुकाट, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटते, कारण तेवढ्यात हाती आलेलं सुटून जातं.

वर्षाचं वेळापत्रक आपल्याकडं तयारच आहे. बुकिंग गुढीपाडव्याला, अक्षय्य तृतीयेला, दसऱ्याला होतं. शोध त्याआधी कितीतरी दिवस चालू असतो. पाडव्याचा लेख पाडव्याच्या आदल्या दिवशी टाकून उपयोग नाही, तो जानेवारीअखेर वर असायला हवा. पितृपक्षात व्यवहार मंदावतात, तेव्हा लिहायला निवांतपणा मिळतो; दसऱ्याचं काम त्यात उरकावं. रेडी रेकनरचे दर १ एप्रिलला ठरतात. त्या आठवड्यात आपल्या भागात दर बदलले का आणि त्यानं मुद्रांक शुल्क किती रुपयांनी बदललं, एवढं उदाहरणासह सांगणारा छोटा लेख दर वर्षी हवाच.

जुने लेख दुरुस्त करणं हाही सातत्याचाच भाग, आणि तो सगळ्यांत जास्त राहून जातो. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं मुद्रांक शुल्कात तीन टक्के सवलत दिली, पुढच्या तीन महिन्यांत दोन टक्के. त्या काळातले लेख अजून तसेच पडून असले तर आजचा वाचक चुकीचा हिशेब मांडून बसतो. महिलेच्या नावावर घर घेतल्यास एक टक्का सवलत एप्रिल २०२१ पासून आहे, पण ते पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही तेव्हाची अट २०२३ मध्ये निघाली. अट आहे असं सांगणारा लेख वाचून एखाद्या कुटुंबानं सवलत सोडून दिली तर नुकसान त्यांचं होतं. प्रत्येक लेखाखाली शेवटची दुरुस्ती केल्याची तारीख घाला आणि एप्रिलमध्ये सगळे लेख एकदा डोळ्यांखालून घाला.

कायद्याची एक बाजू विसरू नका. रेरा कायद्यात जाहिरातीची व्याख्या बरीच व्यापक आहे. कुठल्याही माध्यमातली प्रसिद्धी तिच्यात येते. एखाद्या प्रकल्पाचं नाव घेऊन तिथल्या फ्लॅटची शिफारस केली की तो लेख जाहिरात ठरू शकतो. मग महारेराचा नोंदणी क्रमांक हवा आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा. नोंदणी न झालेल्या प्रकल्पाचं कौतुक लेखातूनही करू नये. एजंट म्हणून आपला स्वतःचा महारेरा क्रमांक तर प्रत्येक पानाच्या तळाशी असावा.

राहता राहिलं मोजमाप. पहिल्या दिवशीच गूगल सर्च कन्सोल वेबसाइटला जोडून घ्या. ते फुकट आहे. आपलं पान कुठल्या शोधाला दिसलं, किती वेळा दिसलं आणि किती जणांनी उघडलं हे त्यात कळतं. सुरुवातीचे काही महिने उघडणाऱ्यांचा आकडा पाहून निराश होऊ नका, शोधांची यादी वाचा. दिसतं खूप पण उघडत कुणी नाही, असा लेख असेल तर त्याचं शीर्षक बदलून पाहा. आणि ज्या प्रश्नावर तुम्ही अजून लिहिलेलंच नाही त्याच्यासाठीही तुमचं पान कुठंतरी चौथ्या-पाचव्या पानावर दिसत असतं. पाण्याच्या लेखाखाली ‘वाघोली टँकर खर्च मेंटेनन्स’ असा शोध पुन्हा पुन्हा येतोय असं दिसलं, तर पुढच्या पंधरवड्याचा लेख मेंटेनन्सवर लिहा आणि पाण्याच्या लेखातून त्याला दुवा द्या.