जमिनीची किंमत ठरविताना मृद सर्वेक्षणाचा उपयोग

शेत खरेदी करताना आपण बहुधा रस्ता, विहीर व मातीचा रंग पाहतो. परंतु पीक वरच्या वीतभर थरावर पोसत नाही. मुळे जेथवर पोहोचतात तेथवरच्या मातीवर पोसते. कोवळ्या पिकात सारखीच दिसणारी शेजारची दोन काळी शेते पावसाने ओढ देताच वेगळी दिसू लागतात. कारण एकाखाली हातभर, तर दुसऱ्याखाली वीतभर खोलीवरच मुरूम असतो.

हे तत्त्व आपल्याकडे जुने आहे. मुंबई इलाख्यातील महसुली मोजणीचे नियम १८४७ साली निश्चित झाले. त्यांनुसार पावणेदोन हात खोल उत्तम काळ्या जमिनीस सोळा आणे प्रत मिळे. हातभर खोलीस दहा आणे, अर्ध्या हातास सहा आणे. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे अशा प्रत्येक दोषागणिक प्रत एकेक पायरी उतरे. मात्र त्यानंतर आलेला कालवा वा वाहून गेलेली माती यांची नोंद त्या प्रतवारीत सापडणार नाही.

आधुनिक सर्वेक्षणात वापरक्षमतेनुसार जमिनीचे आठ वर्ग पाडतात. त्यांपैकी पहिले चार लागवडीस योग्य मानतात. उरलेले प्रायः कुरण, वन इत्यादींसाठी राखावयाचे असतात.

नकाशा वाचताना त्याचे प्रमाण अवश्य पाहावे. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर. त्यावर एक हेक्टरचे शेत तांदळाच्या दाण्याहूनही लहान दिसते. १:१०,००० प्रमाणावर तेच शेत एक चौरस सेंटिमीटर भरते. म्हणून लहान प्रमाणाच्या नकाशावरून गावाचा अंदाज घ्यावा. शेताचा निर्णय मात्र खड्डा खणूनच करावा.

शेताच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांत मीटरभर किंवा मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्यावेत. खोली मोजावी, खड्ड्यात पाणी झिरपते का ते पाहावे व थरांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. सामू ८.५ हून अधिक आल्यास जमीन चोपण असण्याचा संभव असतो. कालव्याखालील सखल काळ्या जमिनीत ही तपासणी टाळू नये. चर व जिप्सम यांचा खर्च मागाहून आपल्याच माथी येतो. तो आधीच किमतीतून वजा करावा.

ग्रामसेवक व कृषी सहायकांनी व्यवहार ठरण्यापूर्वीच शेतकऱ्यास हा सल्ला द्यावा. खरेदीखत झाल्यावर खणलेला खड्डा केवळ पश्चात्तापास कारण होतो.