कुशल कामगार व्हिसाचे मुदतपूर्व नूतनीकरण आणि ब्रिटनमधील कायमस्वरूपी निवासाची पात्रता

बीजसंज्ञा : स्थलांतर, कुशल कामगार व्हिसा, सलग वास्तव्य, मुदतवाढ, कायमस्वरूपी निवास

प्रस्तावना :
उच्च शिक्षण व नोकरी यांसाठी ब्रिटनला जाणाऱ्या भारतीयांमध्ये महाराष्ट्रातील पदवीधरांचाही समावेश होतो. त्यांच्यापैकी अनेकांपुढे तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक प्रश्न उभा राहतो. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वीच त्याचे नूतनीकरण केल्यास कायमस्वरूपी निवासासाठीची वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात काय? या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. परंतु केवळ एवढ्या उत्तरावर विसंबून राहणारा अर्जदार अडचणीत येऊ शकतो. प्रस्तुत लेखात या उत्तरामागील नियम आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :
१. व्हिसाची मुदत आणि सलग वास्तव्याचा कालावधी यांतील भेद स्पष्ट करणे.
२. मुदतपूर्व नूतनीकरणाचे लाभ व धोके विशद करणे.
३. नियमबदलाचा अर्जदारांवर होणारा परिणाम पाहणे.

दोन भिन्न मोजमापे :
ब्रिटनमध्ये १ डिसेंबर २०२० रोजी 'टिअर २ जनरल' या व्यवस्थेच्या जागी 'स्किल्ड वर्कर' हा मार्ग सुरू झाला. या मार्गावर ५ वर्षे सलग वास्तव्य झाल्यावर कायमस्वरूपी निवासासाठी, म्हणजे 'इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन'साठी, अर्ज करण्याची तरतूद करण्यात आली. हा अर्ज ५ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी २८ दिवसांपर्यंत करता येतो. कोणत्याही १२ महिन्यांत देशाबाहेर १८० दिवसांहून अधिक काळ राहिल्यास सामान्यतः सलगता खंडित होते.

व्हिसाची मुदत हे एका परवान्याचे आयुष्य होय, तर वास्तव्याचा कालावधी ही अशा परवान्यांची जोडलेली साखळी होय. एक परवाना संपण्यापूर्वी दुसरा मिळाल्यास साखळी तुटत नाही. पहिल्या परवान्याचे काही आठवडे शिल्लक असताना दुसरा मिळाला, तरी तोपर्यंतचे वास्तव्य वाया जात नाही. मात्र विद्यार्थी व्हिसा आणि १ जुलै २०२१ रोजी सुरू झालेला 'ग्रॅज्युएट' व्हिसा यांवरील वर्षे या ५ वर्षांत धरली जात नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत होण्याचा संभव आहे.

मुदतपूर्व नूतनीकरणाचे स्वरूप :
नूतनीकरणासाठी मालकाने नवे प्रायोजकत्व प्रमाणपत्र द्यावे लागते. या प्रमाणपत्रावर काम सुरू होण्याची जी तारीख असते, ती अर्जाच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत असावी लागते. नवा परवाना प्रमाणपत्रावरील अंतिम तारखेनंतर १४ दिवसांपर्यंत मिळतो. म्हणून अर्ज किती आधी केला, यापेक्षा प्रमाणपत्रावर अंतिम तारीख कोणती आहे, हा मुद्दा अधिक निर्णायक ठरतो.

हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका अभियंत्याने १ सप्टेंबर २०२१ रोजी ३ वर्षांच्या व्हिसावर ब्रिटनमध्ये वास्तव्य सुरू केले. त्याने २०२४ च्या जून महिन्यात नूतनीकरण केले आणि मालकाने १ जुलै २०२४ ते ३० जून २०२६ असे २ वर्षांचे प्रमाणपत्र दिले. त्याचा परवाना १४ जुलै २०२६ रोजी संपतो. परंतु ५ वर्षे ऑगस्टअखेर पूर्ण होत असल्याने निवासाचा अर्ज ऑगस्टच्या प्रारंभापूर्वी करता येत नाही. केवळ तीन आठवड्यांच्या या तुटीसाठी त्याला आणखी एक मुदतवाढ, नवे शुल्क व आरोग्य अधिभार यांचा भार सोसावा लागतो. हा अधिभार ६ फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ व्यक्तीसाठी वर्षाला १,०३५ पौंड झाला. मालकाने अंतिम तारीख दोन-तीन महिने पुढची दिली असती, तर हा खर्च टळला असता.

मुदतपूर्व अर्जाचे लाभही आहेत. मुदत संपण्यापूर्वी अर्ज केल्यास, निर्णय प्रलंबित असताना जुनी मुदत संपली तरी १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम ३ सी नुसार परवाना चालू राहतो. मात्र अर्ज प्रलंबित असताना अर्जदार गणपतीसाठी वा दिवाळीसाठी भारतात आला, तर तो अर्ज मागे घेतला गेला असे मानले जाते.

पात्रतेच्या अन्य अटी :
वर्षे पूर्ण होणे ही केवळ एक अट आहे. निवासाच्या अर्जाच्या वेळी मालकास अर्जदाराची गरज असणे, वेतन तत्कालीन निकषास उतरणे, इंग्रजीचे विहित ज्ञान असणे आणि 'लाइफ इन द यूके' परीक्षेत २४ पैकी १८ प्रश्न बरोबर सोडविणे आवश्यक असते. यांपैकी वेतनाची अट सर्वाधिक बदलती ठरली आहे. सर्वसाधारण वेतनमर्यादा ४ एप्रिल २०२४ रोजी २६,२०० वरून ३८,७०० पौंड आणि २२ जुलै २०२५ रोजी ४१,७०० पौंड झाली. आधीपासून या मार्गावर असणाऱ्यांसाठी सवलतीच्या तरतुदी ठेवण्यात आल्या.

नियमबदल आणि न्याय्य अपेक्षा :
नियम बदलल्यास आधी आलेल्यांचे काय, हा प्रश्न नवा नाही. 'हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्राम' २००२ मध्ये सुरू झाला. ३ एप्रिल २००६ रोजी निवासाचा कालावधी ४ वरून ५ वर्षे करण्यात आला. त्याविरुद्ध 'एचएसएमपी फोरम' ही संघटना उच्च न्यायालयात गेली. त्या तारखेपूर्वी कार्यक्रमात प्रवेश मिळालेल्यांना ४ वर्षांचाच नियम लागू राहावा, असा निकाल एप्रिल २००९ मध्ये लागला.

हाच प्रश्न २०२५ मध्ये पुन्हा उपस्थित झाला. १२ मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सर्वसाधारण कालावधी १० वर्षे करण्याचा विचार मांडण्यात आला. नोव्हेंबर २०२५ च्या प्रस्तावात तो ब्रिटनमध्ये राहत असलेल्या, पण कायमस्वरूपी निवास न मिळालेल्या व्यक्तींनाही लागू करण्याचे म्हटले होते. अशा बदलापासून नूतनीकरण संरक्षण देत नाही, कारण निवासाचा अर्ज स्वतंत्र असून त्याची पात्रता स्वतंत्रपणे तपासली जाते.

निष्कर्ष :
मुदतपूर्व नूतनीकरणाने निवासाची पात्रता लवकर येत नाही आणि लांबणीवरही पडत नाही. त्यातून केवळ साखळी अखंड राहते. म्हणून मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यास तीन गोष्टी लिहून ठेवण्यास सांगावे : मोजणीस पात्र असलेल्या पहिल्या परवान्याची तारीख, प्रत्येक परदेश प्रवासाचे दिवस आणि चालू प्रमाणपत्राची अंतिम तारीख. या तीन नोंदी जुळत असतील, तर पाचव्या वर्षीची अनेक संकटे तिसऱ्या वर्षीच टाळता येतात.