जप्तीचा ढोल, गरब्याची चाल

१९२८च्या उन्हाळ्यात बारडोली तालुक्यात सरकारने ढोलाची धास्ती घेतली होती. झाडावर चढून बसलेली पोरं जप्तीवाल्यांना लांबूनच हेरायची. मग ढोल वाजायचा, नाहीतर शिंग फुंकलं जायचं, आणि बघता बघता अख्खं गाव कडीकुलपात. अंमलदार, तलाठी आणि भाड्याने आणलेले पठाण वेशीत पोचेपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसे. पंचनाम्याला पंच मिळेना, जप्त केलेली भांडीकुंडी उचलायला माणूस मिळेना. शेवटी ढोल वाजवण्याविरुद्धच हुकूम निघाले. शेतसारा वसूल करायला आलेल्या सरकारवर ढोलाच्या मागे लागायची पाळी आली.

माणसांबरोबर गुरंही घरात कोंडलेली होती. जप्तीत पहिला हात पडायचा तो म्हशीवर, म्हणून महिनोन्‌महिने म्हशी अंधाऱ्या घरात. ऊन नाही, वारा नाही. त्यांचा रंग उतरला. वल्लभभाईंनी सभेत सांगून टाकलं की बारडोलीच्या म्हशींच्या आता गोऱ्या मडमा झाल्यात. सभा खो खो हसली. घरात जनावरांचा वास भरलेला, जमिनीवर जप्तीची नोटीस चिकटवलेली, आणि तरी माणसं हसताहेत. या लढ्यातली गाणी ह्याच हवेत जन्मली, हे लक्षात ठेवून ती ऐकावी लागतात.

मूळ भांडण रुक्ष होतं. सुरत जिल्ह्यातल्या या तालुक्यात साऱ्याची फेरआकारणी झाली. जयकर नावाच्या अधिकाऱ्याने ३० टक्के वाढ सुचवली, मुंबई सरकारने ती २२ टक्क्यांवर आणून लागू केली. १२ फेब्रुवारी १९२८ला शेतकऱ्यांनी सारा न भरण्याची शपथ घेतली. ६ ऑगस्टला तडजोड झाली. पुढे ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशीत खरी वाढ सुमारे ६ टक्केच योग्य ठरली. एवढं आपण शाळेत शिकलोच आहोत. शाळेत शिकवत नाहीत ती गोष्ट अशी की या सहा महिन्यांत तालुक्याच्या १३७ गावांपर्यंत लढा पोचवण्याची दोन साधनं होती: जुगतराम दवे चालवत असलेली ‘सत्याग्रह पत्रिका’ आणि गाणं. पत्रिका वाचता येणाऱ्यांसाठी. गाणं सगळ्यांसाठी.

गाण्याची जबाबदारी ज्यांनी अंगावर घेतली त्यांत पहिलं नाव फूलचंदभाई शहांचं. हे सौराष्ट्रातल्या वढवाणचे, राष्ट्रीय शाळेत रमलेले शिक्षक. ते बारडोलीत आले ते भजनमंडळी घेऊनच. सभेआधी गाणी, सभेनंतर गाणी, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना वाटेत गाणी. रणभेरीचं त्यांचं गीत तालुकाभर पसरलं आणि पुढच्या लढ्यांतही गायलं गेलं. कवितेच्या तराजूत घालून बघितलं तर त्या गीतात नवं असं फार नाही: शूरांना हाक, भित्र्यांना टोमणा, सत्याचा जयजयकार. पण हा तराजूच चुकीचा आहे, असं मला वाटतं. ज्या गाण्याने संध्याकाळी जमलेल्या शे-दोनशे माणसांच्या पोटातली भीती रात्रीपुरती का होईना घालवली, त्याला वृत्तदोष दाखवणं म्हणजे आग विझवणाऱ्याला बादलीचा रंग विचारणं.

चाल मात्र बघण्यासारखी असते. बारडोलीतल्या बायकांना गरबा नवा नव्हता. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी टाळीच्या ठेक्यावर ती झेलायची. ओळ दोनदा-तीनदा फिरत असल्यामुळे पाठ करावी लागत नाही, लिहिता-वाचता यावं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे मधला एखादा शब्द बदलला तरी चाल मोडत नाही. कृष्णाच्या जागी वल्लभभाई आले, गोकुळाच्या जागी बारडोली आली, की गाणं तयार. आपल्याकडे भोंडल्याच्या किंवा मंगळागौरीच्या गाण्यांत सासू-नणंदेच्या जागी कुणालाही बसवता येतं, तीच ही सोय. मिठूबेन पेटिट, मणिबेन पटेल, भक्तिबा देसाई यांच्यासारख्या बायका गावोगाव फिरत होत्या. घरात कोंडून घेऊन दिवस काढायचे ते मुख्यतः बायकांनीच, त्यामुळे बायका डगमगल्या असत्या तर लढा आठवड्यात संपला असता. ‘सरदार’ ही पदवीही वल्लभभाईंना बारडोलीच्या बायकांनी दिली, असं सांगतात.

सगळी गाणी नवी होती असंही नाही. कबीराची आणि अठराव्या शतकातल्या प्रीतमदासाची पदं सत्याग्रहींच्या तोंडी असत. या संतांनी भक्ताला रणांगणातला शिपाई म्हटलंय. मागे फिरायचं नाही, डोकं हातावर घेऊन निघायचं. मोक्षासाठी लिहिलेली ही पदं साऱ्याच्या भांडणात चपखल बसली. नवी ओळ लिहावीच लागली नाही, फक्त गाणाऱ्यासमोर दारात उभा असलेला जप्तीवाला नवा होता.

बारडोलीच्या परिसरात त्याआधीही एकदा गाव ढवळून निघालं होतं, आणि त्याचा उगम आपल्याकडचा आहे. १९२२मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये एक देवी प्रकटली. भगताच्या अंगात यायची आणि आज्ञा द्यायची: दारू सोडा, मांस-मासळी सोडा, रोज आंघोळ करा. ही लाट डोंगर ओलांडून बागलाण, डांग, खानदेशाच्या कडेने फिरत वर्षअखेरीस सुरत जिल्ह्यातल्या चौधरी, गामित, धोडिया या आदिवासींपर्यंत पोचली. वाटेत देवीच्या आज्ञांमध्ये खादी आणि गांधींचं नावही येऊन मिसळलं. दारूचे गुत्तेवाले आणि सावकार हवालदिल झाले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या देवीवर अख्खं पुस्तक लिहिलंय. १९२८मध्ये रानीपरज, म्हणजे या आदिवासींची, गावं लढ्यात उतरली तेव्हा एका हाकेवर जमायची, एकत्र शपथ घ्यायची सवय त्यांना आधीच लागलेली होती.

जुन्या साच्यात नवा माल भरायची ही युक्ती चळवळींना सगळीकडेच सुचते. सत्यशोधक जलशाने तमाशाचा बाज उचलला. १९४४मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा अण्णाभाऊंनी गणात गणपतीला नमन करायचं सोडून श्रमिकांना आणि हुतात्म्यांना मुजरा घातला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी छक्कड लिहिली ती विरहाची. गावी राहिलेली ‘मैना’ म्हणजे मुंबईला पोटासाठी आलेल्या गड्याची बायको, आणि तीच महाराष्ट्रापासून तुटलेली बेळगाव-कारवारची भूमी. गिरणगावातल्या प्रत्येक चाळीत अशी मैना गावाला ठेवून आलेला माणूस राहत होता, म्हणून त्या रचनेला भाषणाची गरज पडली नाही. अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचं जगप्रसिद्ध गाणंही चर्चमधल्या स्तोत्रांतून आलं. ते १९४५च्या सुमारास चार्ल्स्टनच्या संपकरी तंबाखू कामगारांनी गायलं आणि गिरिजाकुमार माथुरांच्या हिंदी रूपात ते आपण शाळेच्या प्रार्थनेत गायलो. कुठल्या संपातून ते आलंय हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, हे खरं.

गुजरातीत याच काळात झवेरचंद मेघाणींनी अंगाईचा साचा घेतला. जिजाबाई बाळ शिवाजीला झोपवतेय, आणि झोपवता झोपवता पुढे काय काय सोसायचंय ते सांगतेय, असं त्यांचं ‘शिवाजीनुं हालरडुं’. ज्या महाराजांनी १६६४ आणि १६७०मध्ये दोनदा सुरत लुटली, त्यांची अंगाई गुजराती घराघरांत म्हटली जावी, याची गंमत मराठी वाचकाला वाटल्याशिवाय राहणार नाही. मेघाणींचा ‘सिंधुडो’ हा गीतसंग्रह १९३०मध्ये मिठाच्या सत्याग्रहात आला आणि सरकारने तो जप्त केला. बारडोलीत ढोलावर हुकूम, दोन वर्षांनी पुस्तकावर. मेघाणींना दोन वर्षांची शिक्षा झाली. धंधुक्याच्या कोर्टात त्यांनी एक गीत म्हणून दाखवलं तेव्हा न्यायाधीशाचेही डोळे भरून आले, ही हकिगत गुजरातेत आजही सांगतात.

एक गोष्ट मात्र टोचते. या गाण्यांतला ‘आम्ही’ म्हणजे खातेदार शेतकरी, बहुतेक पाटीदार आणि अनाविल. त्यांच्याच शेतात दुबळा समाजातले हाळी पिढ्यान्‌पिढ्या कर्जात बांधलेले राबत होते. लग्नासाठी मालकाकडून पैसे घ्यायचे आणि जन्मभर फेडत राहायचं, अशी ही पद्धत. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला साऱ्याच्या वाढीचं काय? तरी लढ्याच्या काळात त्यानेही मालकाच्या बाजूने उभं राहायचं होतं. १९२८च्या गाण्यांत तो ऐकू येतो का, असं शोधलं तर फारसं हाती लागत नाही. हाळीपद्धत मोडल्याची घोषणा बारडोलीत झाली ती २६ जानेवारी १९३९ला, आणि ती अमलात यायला आणखी बराच काळ गेला. आज बारडोली सहकारी साखर कारखान्याच्या उसावर खानदेश आणि डांगातून आलेल्या टोळ्या राबतात. त्या भागात तोडणाऱ्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. त्यांच्या मजुरीची भांडणं कोर्टापर्यंत गेली आहेत, पण त्यांना कुणी फूलचंदभाई लाभल्याचं दिसत नाही.

सत्याग्रहाला गाणं पुरवणाऱ्यांत राहता राहिले पंडित नारायण मोरेश्वर खरे. तासगावकडचे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. गांधींनी आश्रमासाठी गवई मागितला तेव्हा पलुसकरांनी त्यांना साबरमतीला पाठवलं. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेतली पदं निवडून, त्यांना राग-ताल लावून त्यांनी ‘आश्रम भजनावली’ उभी केली. तीत गुजराती, हिंदी, बंगाली पदांशेजारी तुकोबांचे अभंगही आहेत. १९३०मध्ये दांडीयात्रेच्या तुकडीत खरे चालत होते. सत्याग्रहींच्या एका पिढीचा गळा कुणी तयार केला असेल तर या मराठी माणसाने, आणि आपल्याकडे संगीताच्या इतिहासातही त्यांचं नाव दोन ओळींत उरकतात.

बारडोलीच्या लढ्याला दहा वर्षं झाली तेव्हा काँग्रेसचं अधिवेशन याच तालुक्यात, तापीकाठच्या हरिपुऱ्यात भरलं. खेड्यात अधिवेशन घ्यायची सुरुवात १९३६ला आपल्या फैजपूरला झाली होती; हे दुसरं. सुभाषबाबू अध्यक्ष. नंदलाल बसूंनी मंडपासाठी रंगवलेल्या फलकांत सुतार, चांभार, सूत कातणारी बाई यांच्या बरोबरीने ढोलकरी आणि वादकही आहेत. अधिवेशनाच्या तयारीसाठी खरे आधीच येऊन राहिले होते. तिथेच ते आजारी पडले आणि अधिवेशन सुरू होण्यापूर्वी, फेब्रुवारी १९३८मध्ये, हरिपुऱ्यातच वारले. १९२८ची बहुतेक सत्याग्रहगीतं आता जुन्या संग्रहांत शोधावी लागतात. खऱ्यांची ‘आश्रम भजनावली’ अजून छापली जाते.