आधी पोर्ट पाहा, मग डॉक

यवतमाळपासून समुद्र फार लांब. त्यामुळे ‘डॉक’ म्हणजे गोदी, हे आपल्याकडे सांगावे लागते. मुंबईच्या गोदीत जहाज धक्क्याला लागते, एकाच जागी माल चढतो-उतरतो, इंधन-पाणी भरून मिळते. लॅपटॉपच्या डॉकिंग स्टेशनचे कामही तेच. टेबलावरची एक केबल लॅपटॉपला लावली की मॉनिटर, कीबोर्ड, माउस, प्रिंटर, इंटरनेटची वायर आणि चार्जिंग हे सगळे एकदम जोडले जाते. केबल काढली की लॅपटॉप पुन्हा मोकळा.

ही कल्पना जुनी आहे. ॲपल कंपनीने १९९२ साली पॉवरबुक ड्युओ नावाचा लॅपटॉप आणला. त्याच्या डॉकमध्ये तो व्हिडिओ कॅसेटसारखा आत सरकत असे. त्या काळी ज्याचा लॅपटॉप त्याचाच डॉक असायचा, दुसऱ्याचा बसायचाच नाही. त्यामुळे खरेदीत चूक होण्याचा प्रश्न नव्हता. आज जवळजवळ सगळ्यांना एकच टाइप-सी पिन बसते आणि नेमकी तिथेच फसगत होते. ती माझीही झाली.

माझी भाची दारव्ह्याला राहून पुण्यातल्या एका कंपनीचे हिशेबाचे काम करते. २०२० च्या टाळेबंदीत ती घरी आली आणि काम इथूनच सुरू राहिले. एकीकडे खतावणी, दुसरीकडे बिले, तिसरीकडे जीएसटीचे पोर्टल. १४ इंचांच्या पडद्यावर या तीन खिडक्या मागेपुढे करताना एकदा एका ओळीचा आकडा दुसऱ्या ओळीत गेला. ती चूक शोधायला तिला अर्धी रात्र जागावी लागली. तिने मला विचारले, “मामा, दोन मॉनिटर लावायचे आहेत. डॉक कोणता घेऊ?” मी ऐटीत सांगितले, “टाइप-सी आहे ना? मग कोणताही चालेल.”

डॉक आला. कीबोर्ड चालला, पेनड्राइव्ह चालला. दोन्ही मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. केबल बदलल्या, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, काही उपयोग झाला नाही. डॉक चांगलाच होता. लॅपटॉपच्या त्या पोर्टातून चित्र बाहेर येतच नव्हते. कारण कळेपर्यंत वस्तू परत करण्याची मुदत संपली होती. पैसे मी देऊ केले, तिने घेतले नाहीत. निदान तुमचे तरी वाचावेत, म्हणून हे सांगतो आहे.

टाइप-सी हे फक्त पिनेच्या आकाराचे नाव आहे. २०१४ साली हा आकार ठरला. त्यातून काय वाहणार, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. काही पोर्टांतून फक्त माहितीची देवाणघेवाण होते, काहींतून चार्जिंगही होते आणि काहींतून चित्रही बाहेर येते. नळाला नवी कोरी तोटी बसवली म्हणून पाणी येत नाही, मागे लाइन असावी लागते. डॉक म्हणजे ती तोटी.

म्हणून पहिली तपासणी लॅपटॉपची. पोर्टाशेजारी इंग्रजी ‘डी’ आणि ‘पी’ मिळून केलेली छोटी खूण असेल तर चित्र येते. विजेच्या बाणाची खूण बहुधा थंडरबोल्टची असते, म्हणजे उत्तमच. खूण नसली तरी सोय असू शकते. अशा वेळी लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ हे शब्द शोधावेत. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे कोणाकडून तरी टाइप-सी ते एचडीएमआय अशी साधी केबल मागून आणावी आणि घरच्या टीव्हीला लावून पाहावी. चित्र दिसले तर पोर्ट कामाचे.

आता थोडे गणित. साधा फुल एचडी मॉनिटर म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि चित्र सेकंदाला ६० वेळा नवे होते. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट होतात. फोर-के मॉनिटरला याच्या चौपट, म्हणजे १२ गिगाबिट. टाइप-सी केबलमध्ये वेगवान असे चार मार्ग असतात. बरेच डॉक त्यांतले दोन चित्राला आणि दोन पेनड्राइव्ह वगैरेंना देतात. जुन्या पद्धतीच्या डिस्प्लेपोर्टवर या दोन मार्गांतून साडेआठ गिगाबिटच्या आसपास चित्र जाते, नव्यावर १३ च्या जवळपास. म्हणजे दोन फुल एचडी मॉनिटर आरामात चालतात, पण जुन्या लॅपटॉपवर फोर-के घेतला तर चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. स्वस्त डॉकच्या खोक्यावर ‘फोर-के’ मोठ्या अक्षरांत आणि ‘३० हर्ट्झ’ बारीक अक्षरांत असते. ते बारीक अक्षर वाचावे.

बाजारातल्या डॉकचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला साधा टाइप-सी डॉक. तो एकाच प्रवाहातून दोन मॉनिटरना वेगवेगळे चित्र देतो, पण हे विंडोजवर. ॲपलच्या मॅकवर याच डॉकमधून दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते. दुसरा थंडरबोल्ट डॉक. थंडरबोल्ट ४ चा वेग ४० गिगाबिट. २०२० साली आलेल्या थंडरबोल्ट ४ च्या नियमानुसार दोन फोर-के मॉनिटर चालायलाच हवेत. तो महाग असतो आणि लॅपटॉपलाही थंडरबोल्ट असेल तरच त्या पैशाचे चीज होते. तिसरा डिस्प्लेलिंकचा डॉक. तो चित्र आवळून साध्या यूएसबीतून पाठवतो, त्यामुळे जुन्या चौकोनी पोर्टावरही चालतो. मात्र त्यासाठी लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअर टाकावे लागते आणि प्रोसेसरवर थोडा भार पडतो. आकडेमोड, टायपिंग यांना तो पुरतो. व्हिडिओचे संपादन किंवा वेगवान खेळ यांसाठी घेऊ नये. लॅपटॉप कंपनीचा असेल तर असे सॉफ्टवेअर टाकण्याची परवानगी आधी विचारावी.

लॅपटॉपचीही स्वतःची मर्यादा असते. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर लॅपटॉपचा पडदा धरून एकूण तीन, अकराव्या पिढीपासून चार. मॅकबुक एअरच्या एम-१ आणि एम-२ चिपवर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, एम-३ वर झाकण बंद केले तर दोन, एम-४ वर झाकण उघडे ठेवूनही दोन. कमी पडणारा मॉनिटर डिस्प्लेलिंकने वाढवता येतो.

शेवटी विजेचा मुद्दा. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉटचा असेल तर डॉकने तेवढे वॉट लॅपटॉपला द्यायला हवेत. डॉकमधून चार्जर जोडायचा असेल तर काही वॉट डॉक स्वतःसाठी ठेवतो, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे वीज जाणे नवे नाही. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण मॉनिटर आणि ॲडॅप्टरवर चालणारा डॉक बंद पडतो. डॉकला लावलेल्या हार्ड डिस्कवर त्या वेळी काही उतरवले जात असेल तर ती फाइल खराब होऊ शकते. म्हणून लॅपटॉप इन्व्हर्टरवर नसला तरी चालेल, डॉक आणि मॉनिटर मात्र असावेत. ॲडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहावे.

भाचीचे पुढे काय झाले? तिच्या लॅपटॉपला बाजूला एचडीएमआयचे पोर्ट होतेच. पहिला मॉनिटर थेट त्यात लावला. दुसऱ्यासाठी कंपनीची परवानगी घेऊन डिस्प्लेलिंकचा एक छोटा ॲडॅप्टर आणला. तिचा पडदा धरून तीन पडदे झाले, डॉकची गरजच उरली नाही. आधी आणलेला डॉक मी तिच्याकडून मागून घेतला. तो माझ्या टेबलावर आहे. आता कोणी विचारले, “डॉक कोणता घेऊ?” तर मी आधी विचारतो, “लॅपटॉप कोणता आहे? दाखव बरं.”